पाकिटावरचे चार शब्द

प्रिय अण्णा,

काल राज्य ग्राहक आयोगात आपल्या केसचा पुकारा झाला. कारकुनाने तुमचं नाव वाचलं, जरा थांबून 'मयत' म्हणाला आणि कागद उलटून त्याने विचारलं, "वारस सुजाता, हजर आहेत का?" मी हात वर केला. शाळेत करतात तसा! मग लक्षात आलं, इथे उभं राहायचं असतं.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आई रोज तुमच्या फोटोशी बोलते. पाण्याची वेळ बदलली, समोरच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, गुडघा दुखतोय, सगळं सांगते. मला ते जमलंच नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होते? शेवटचं वर्षभर एका घरात राहून आपण दोघं किती कमी बोललो! पण काल तुमच्या जागेवर उभी राहून आले आणि वाटलं, आता अण्णांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे. म्हणून बसले लिहायला.

सुरुवात माझ्यामुळेच झाली होती ना?

तेव्हा मी अंधेरीला, चकाल्याच्या ऑफिसात जायचे. टिश्यू, टॉयलेट रोल, डायपर, पॅड, ओले वाइप्स, म्हणजे एकदा वापरून फेकून द्यायचं जे जे असतं ते सगळं बनवणारी मोठी कंपनी. मी ग्राहक सेवेत. लोकांची पत्रं आणि मेल वाचायचे आणि उत्तरं पाठवायचे. आपल्या घरातली पहिली ऑफिसवाली! आणि तुम्ही मुलुंडच्या आपल्या बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलात, "आमच्या सुजीला एसीत बसून काम असतं." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि आतून बरंही वाटायचं.

दिवाळीला स्टाफला कंपनीच्या मालाचा खोका मिळाला. मी तो मिरवत घरी आणला. तुम्ही चष्मा लावून एकेक वस्तू वाचायला घेतलीत. तुम्हाला हातात पडेल ते वाचायची सवयच! वडापाव ज्यात बांधून आला तो कागदसुद्धा तुम्ही सपाट करून वाचायचात. वाइप्सचं पाकीट वाचता वाचता थांबलात.

"सुजे, 'टॉयलेटमध्ये बिनधास्त फ्लश करा'. म्हणजे हे संडासात टाकायचं?"

"हो. विरघळतं ते पाण्यात."

"कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते ना, अण्णा!"

"तू बघितलंस विरघळताना?"

मी हसले. काय हा माणूस, असं मनात म्हटलं. तीस वर्षं पालिकेच्या मलनिःसारण खात्यात काढलेला, बिगारी म्हणून लागून मुकादम म्हणून निवृत्त झालेला माणूस मला काहीतरी विचारत होता, आणि मला त्यात म्हातारपणाचा चौकसपणा दिसला!

महिन्याभराने आपल्या सोसायटीचं चेंबर तुंबलं. तळमजल्याच्या मोऱ्यांमधून घाण पाणी वर यायला लागलं. सेक्रेटरीने कुठून तरी दोन माणसं बोलावली. त्यातल्या एकाने शर्ट काढून झाकणावर ठेवला आणि उतरायला पाय आत सोडला. तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ते पाहिलंत. बनियनवर, एका पायात माझी चप्पल आणि एका पायात आईची, असे धावत खाली गेलात.

"ए! पाय वर घे. आधी पाय वर घे!"

"काका, पाच मिनिटांचं काम आहे."

"माणूस मरायला पाच मिनिटं पण लागत नाहीत. वर ये."

तुमचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात तुम्ही कधी आवाज चढवलाच नाहीत. त्या दिवशी तुम्ही चेंबरच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलात, कोणी उतरू नये म्हणून. खात्याच्या जुन्या चौकीला फोन करून पाण्याच्या जोराने चोकअप काढणारी गाडी मागवलीत. ती यायला दुपार झाली. सेक्रेटरी कुरकुरत होता, तळमजल्यावरच्या बायका तर तुम्हाला तोंडावर बोलल्या. तुम्ही हलला नाहीत.

गाडी आली आणि चेंबरमधून पांढरट, जाडजूड दोरखंडासारखं काहीतरी बाहेर आलं. आम्ही सगळे नाकाला ओढणी-रुमाल लावून मागे सरलो. तुम्ही पुढे गेलात. बांबूने तो गोळा ओढलात, पाइपाने धुतलात आणि त्यातले तुकडे सोडवून कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घातलेत. अख्खे चौकोन! एकही फाटलेला नाही. त्यावर आमच्या कंपनीची पानाची नक्षी जशीच्या तशी. ती मी ऑफिसात रोज बघायचे.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वर निघून गेले.

मग तुमचा प्रयोग सुरू झाला. बाल्कनीत दोन बादल्या. एकीत टॉयलेट पेपर, दुसरीत वाइप. रोज सकाळी चहाच्या आधी दोन्हीतलं पाणी काठीने ढवळायचं आणि वहीत लिहायचं. पेपरचा दुसऱ्या दिवशीच लगदा झाला. वाइपचं काही होईना. आई वैतागली होती, आठवतं? "माझी बादली कधी मोकळी होणार? कपडे काय त्या वाइपवर धुऊ?" तुम्ही म्हणालात, "तो विरघळला की देतो." आई म्हणाली, "म्हणजे गेली माझी बादली!" आणि खरंच, ती बादली तिला परत मिळालीच नाही.

एका सोमवारी ऑफिसात माझ्या स्क्रीनवर स्कॅन केलेलं एक पत्र उघडलं. फुलस्केप कागद. उभट, एकेक सुटं काढलेलं अक्षर. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर, जे मी जगात कुठेही ओळखलं असतं. 'महाशय, मी निवृत्त मुकादम असून आपल्या मालाविषयी विचारणा करतो की'...

मी एवढंच वाचलं, अण्णा. पुढे वाचलं नाही. इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहतंय का. आणि तयार उत्तर चिकटवलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आमची सर्व उत्पादने योग्य त्या चाचण्यांनंतरच बाजारात येतात.' वर मायना 'आदरणीय ग्राहक'. सख्ख्या बापाला आदरणीय ग्राहक!

चार-पाच दिवसांनी जेवताना तुम्ही म्हणालात, "कंपनीचं उत्तर आलं."

"हो?"

"तू लिहिलंस?"

"हो."

"शुद्धलेखन चांगलंय," तुम्ही म्हणालात आणि भाकरी मोडली. "पण मी जे विचारलं ते त्यात नाही."

एवढंच. ओरडला असतात तर बरं झालं असतं! मला भांडता तरी आलं असतं.

तक्रार करायचं तुम्ही ठरवलंत ते लोखंडे काकांना बरोबर घेऊन. काका म्हणजे तुमच्याच खात्यातले, तुमच्याबरोबर लागलेले, दर रविवारी आपल्याकडे चहाला येणारे. ग्राहकांचं काम करणाऱ्या एका बाईंनी तुम्हा दोघांना सांगितलं, फुकट मिळालेल्या पाकिटावर तुम्ही ग्राहक होत नाही, विकत घेतलेलं हवं, बिल हवं. तुम्ही सरळ मेडिकलमध्ये जाऊन एक पाकीट घेऊन आलात. बिलाची शाई उडते म्हणून ते लॅमिनेट करून आणलंत! आईने विचारलं, "फ्रेम पण करायची का?"

माझं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि कायदा विभाग पाचव्या. तिथे फायलींनी भरलेली कपाटं होती. कुणी प्रतिस्पर्धी कंपनी 'सर्वात मऊ' या जाहिरातीवरून कोर्टात गेलेली, कुणाच्या बाळाला डायपरने पुरळ आलेलं, कुणा वितरकाचं भांडण, कुठल्या गावात कारखान्याच्या पाण्यावरून चाललेलं. वकिलांना या सगळ्याची सवय होती. तुमच्या तक्रारीत मागणीच्या जागी लिहिलं होतं, 'पाकिटावरील चार शब्द काढावेत व टॉयलेटमध्ये टाकू नये असे छापावे. नुकसानभरपाई नको.' पाचव्या मजल्यावर म्हणे दोन दिवस हाच विषय. या माणसाला नक्की हवंय तरी काय?

मग कुणीतरी पत्ता बघितला.

नीता मॅडमनी, म्हणजे माझ्या मॅनेजरनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "सुजाता, हा पत्ता तुझाच ना गं?"

"हो मॅडम. वडील आहेत माझे."

"ऑफिशियली मी काही म्हणत नाही. पण वरून विचारतायत. घरी बोलून बघ ना."

त्या संध्याकाळी मी तुम्हाला जे बोलले, ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्हाला आठवत नसू दे.

"एका पाकिटासाठी तुम्ही माझी वाट लावताय, अण्णा! मी कुठून कुठे आले, तुम्हाला काय कळणार? आयुष्यभर त्या गटारात राहिलात आणि आता मलाही त्यातच ओढताय!"

आई किचनमधून बाहेर आली. "सुजे, तोंड आवर."

तुम्ही तिला हातानेच थांबवलंत. "बोलू दे." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "नोकरी गेली तर मला वाईट वाटेल पोरी. लई वाईट वाटेल. पण मी त्यांना काय मागतोय? चार शब्द पुसा म्हणतोय. ते जर खरे असतील तर त्यांनी दाखवावं. मी स्वतः माफी मागीन."

"मागे घ्या ना पण! माझ्यासाठी."

"ते तेवढं जमणार नाही."

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. ऑफिसात मला ग्राहक सेवेतून हलवून स्टोअरच्या नोंदींवर बसवलं. नोकरी गेली नाही, पण माझं टेबल गेलं. मी ते तुमच्या खात्यावर टाकलं. तुम्ही आणि काका तारखेला वांद्र्याला, जिल्हा ग्राहक आयोगात जायचात, तेव्हा मी मुद्दाम लवकर निघायचे. डबा भरताना आई विचारायची, "आज तारीख आहे, 'नीट जा' म्हणून तरी म्हण." मी नाही म्हटलं. एकदाही नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागला, हे मला ऑफिसात कळलं! लिफ्टमध्ये दोघं बोलत होते, मला बघून गप्प झाले. घरी आले तर तुम्ही नेहमीसारखे पेपर वाचत बसलेले. का नाही सांगितलंत, अण्णा? मी चिडेन म्हणून? की मला खाली बघायला लागू नये म्हणून? या एका गोष्टीचा मला तुमच्यावर राग आहे. सांगायला हवं होतंत. मी कदाचित चिडले असते. पण कदाचित पेढेही आणले असते.

कंपनीने वर, राज्य आयोगात अपील केलं. तोवर तुमची छाती बिघडली. ती आधीपासूनच खराब होती, तुम्ही लपवत होतात. हॉस्पिटलात पाच दिवस. मी कॉटशेजारी बसलेली असताना तुम्ही नाकाला ऑक्सिजनची नळी असतानाच विचारलंत, "डबा खाल्लास का?" मी मान हलवली. मला 'सॉरी' म्हणायचं होतं. नर्स आली, औषध बदललं, तुम्हाला झोप लागली. ते राहिलंच.

तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी कागद आला. अपील चालवायचं तर तुमच्या जागी वारस लागतात, म्हणून कंपनीनेच आईचं आणि माझं नाव लावायला अर्ज केला होता. त्याच आठवड्यात कायदा विभागाच्या साहेबांनी मला वर बोलावलं. खूप गोड बोलले. तुमचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. "आता तुम्हाला यात कशाला पडायचं? एक छोटी सही. वारसांना केस चालवायची नाही, आधीचा निकाल रद्द व्हायला हरकत नाही, बस्स. आणि तुमचं जुनं टेबल तुम्हाला परत मिळेल, ते मी बघतो."

मी तो कागद घरी आणला. खरं सांगते, मी सही करणार होते. स्वतःला समजावत होते की अण्णा आता नाहीत, आईचं कोण बघणार, कशाला वैर घ्यायचं. आई म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. तुला पटेल ते कर." रविवार होता. पेन हातात होतं आणि दारात लोखंडे काका उभे. तुम्ही नसतानाही ते रविवारी येतात, अण्णा. आईच्या हातचा चहा पितात, अर्धा तास बसतात, जातात.

त्यांनी कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "वांद्र्याला एका तारखेला काय झालं, ते बोलला तुझ्याशी?"

"आम्ही बोलत नव्हतो, काका."

"मग ऐक."

काकांनी सांगितलं. कंपनीच्या वकिलाने परदेशातल्या लॅबचं सर्टिफिकेट दाखवलं. तुम्ही पिशवीतून काचेच्या दोन बरण्या काढल्यात, एकीत लगदा, दुसरीत अख्खा वाइप, आणि सगळ्यांसमोर हलवून दाखवल्यात. वकील हसला. "हा काय शाळेतला प्रयोग आहे?" तुम्ही म्हणालात, "होय साहेब. शाळेतल्या पोराला पण कळावं असाच केलाय." आयोगाचे अध्यक्षही हसले म्हणे!

"मग वकील चिडला," काका म्हणाले. "म्हणतो कसा, 'तुमची मुलगी याच कंपनीत आहे. ही सगळी आतली माहिती तिनेच तुम्हाला पुरवली, खरं ना?' मला वाटलं, गडी अडकला."

"मग?"

"मग म्हणाला, 'साहेब, माझ्या पोरीने मला एक चिठोरं दिलं नाही. उलट केस मागे घ्या म्हणून माझ्याशी भांडली. तिच्या जागी ती बरोबर आहे. जिथं काम करायचं तिथं इमानानं करायचं, हे मीच तिला शिकवलंय. म्हणून तर मी कंपनी बंद करा म्हणत नाही. खोटं आहे तेवढं पुसा म्हणतोय. माझ्या बरण्यांवर विश्वास नसेल तर सरकारी लॅबला पाठवा. पण माझ्या पोरीचं नाव परत घेऊ नका.' अध्यक्षांनी त्या वकिलाला ते बोलणं मागे घ्यायला लावलं. माल सरकारी लॅबला गेला. तिथेही विरघळला नाही."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. तिलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत!

"पण काका, एवढा हट्ट कशासाठी? चार शब्दांसाठी?"

काकांनी कप खाली ठेवला. "मी तुझ्यासमोर बसलोय ना, तो कसा बसलोय माहितीये?"

मग घाटकोपरची गोष्ट सांगितली. चोकअप काढायला काका मेनहोलमध्ये उतरले, आत गॅस होता, हाक मारायच्या आधीच शुद्ध गेली. सगळे अग्निशमनची गाडी येईपर्यंत थांबा म्हणत होते. तुम्ही कमरेला दोरी बांधलीत, श्वास कोंडून खाली गेलात आणि काकांना खांद्यावर घेऊन वर आलात. "वर आल्यावर माझ्या थोबाडीत मारली, शुद्धीवर यावं म्हणून. हा दात अजून हलतो!" काका हसले आणि डोळे पुसले. "आणि काय निघालं त्या चेंबरमधून? चिंध्या. कुणीतरी सहज टाकलेल्या. चोकअप होतो म्हणून माणूस उतरतो, सुजी. तुझ्या अण्णाचं एवढंच गणित होतं. टाकणाऱ्याला जर पाकीटच सांगत असेल की बिनधास्त टाक, तर त्याला तरी काय बोलणार? म्हणून हा पाकिटाच्याच मागे लागला."

मला एक दिवस आठवला. मी सातवी-आठवीत असेन. तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट घालून घरी आला होतात. दोनदा आंघोळ केलीत. मग मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "सुजे, धडा वाच मोठ्याने." मी वाचत होते आणि तुम्ही डोळे मिटून नुसते ऐकत होतात. मी कंटाळले तरी थांबू दिलं नाहीत. तो दिवस तोच होता, हो ना? श्वास कोंडून कुठून वर आला होतात, ते तुम्ही आम्हाला कधीच कळू दिलं नाहीत. आणि त्याच माणसाला मी म्हटलं, आयुष्यभर गटारात राहिलात!

काका गेल्यावर मी तुमची फाइल काढली. पहिल्यांदा ते पत्र पूर्ण वाचलं, जे माझ्याच टेबलावर आलं होतं. दीड पान. सहा प्रश्न. शेवटची ओळ अशी, 'आपल्या कंपनीत माझी मुलगी काम करते व मला कंपनीविषयी आदर आहे, म्हणून प्रथम आपणांस लिहीत आहे.'

दुसऱ्या दिवशी सही न केलेला कागद परत दिला आणि बरोबर राजीनामा. तो त्यांनी मागितला नव्हता, उगाच त्यांना बोल लावणार नाही. पण इथला पगार आणि तिथली केस, दोन्ही मला जमलं नसतं. नीता मॅडम लिफ्टपर्यंत आल्या. दार बंद होताना हळूच म्हणाल्या, "मी बोलले असं कुणाला सांगू नकोस. पण तुझे वडील भारी होते यार."

आणि काल!

कंपनीचा यावेळचा वकील मोठा होता, पांढऱ्या केसांचा. शांतपणे म्हणाला की मूळ तक्रारदार हयात नाही, वारसांना स्वतःला काही त्रास झालेला नाही, तेव्हा हा विषय इथेच संपवावा. मग मला विचारलं गेलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

दोन पानं लिहून नेली होती. ती न वाचताच खाली ठेवली.

म्हटलं, "सर, मी याच कंपनीत ग्राहक सेवेत होते. माझ्या वडिलांचं पहिलं पत्र माझ्याकडेच आलं होतं. मी ते पूर्ण न वाचता उत्तर पाठवलं. फाइलमध्ये जे कंपनीचं उत्तर लावलंय, ते माझं आहे. आता मी पत्र वाचलंय. त्यात सहा प्रश्न आहेत. त्यांपैकी एकाचंही उत्तर कंपनीने आजपर्यंत दिलेलं नाही. मला त्रास काय झाला विचाराल, तर हाच."

अध्यक्षबाईंनी वकिलाला विचारलं, "सरकारी लॅबचा अहवाल चुकीचा आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

त्याने फाइल चाळली. एक पान पुढे, एक पान मागे. "तसं नाही मॅडम."

"मग शब्द का ठेवायचेत?"

त्याने फाइल मिटली. अपील फेटाळलं, अण्णा! तिथेच सांगितलं. ठरलेल्या मुदतीत पाकिटं बदलायची, शब्द काढायचे आणि तुम्ही मागितलं होतं ते ठळक छापायचं. मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. शेजारी लोखंडे काका मात्र मुलासारखे रडत होते आणि शिपाई त्यांना "बाहेर, बाहेर" म्हणत होता.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "अगदी त्याच्यासारखी उभी होतीस, एका पायावर भार देऊन." अण्णा, इतकं मोठं मला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

तुम्ही कुठल्या मोठ्या पदावर नव्हतात. तुमचं नाव कुठे छापून आलं नाही, या निकालातही ते 'मयत' म्हणूनच राहील. पण मुंबईत कुठल्या तरी चेंबरवर कुणीतरी शर्ट काढून पाय आत टाकायचा तो टाकणार नाही, कारण तुंबलेलंच नसेल. त्याला कधी कळणार नाही की का. तुम्हाला ते चाललं असतं, हे मला आता कळतंय.

नोकरी अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी बोलावलंय, एक मालाडला आणि एक इथे मुलुंडलाच. काळजी करू नका. डबा खाते वेळेवर.

आता राहिलं एकच. कंपनी कदाचित दिल्लीला वरच्या आयोगात जाईल, काका म्हणतात. मी काल घरी येऊन आईला हे भीत भीत सांगितलं. वाटलं, ती कपाळाला हात लावेल. तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाऊ दे त्यांना दिल्लीला. मी पण येते तुझ्याबरोबर. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तुझ्या अण्णांनी मला ठाण्यापलीकडे कुठे नेलं?"

ऐकताय ना?

तर हे माझं तुम्हाला वचन. ते दिल्लीला गेले तर मी जाईन, आणि तुमचे सहाच्या सहा प्रश्न तिथेही मोठ्याने वाचीन. आणि ते नाही गेले, तरी आईला मी दिल्ली दाखवणार आहे. खिडकीची जागा तिला देईन, शेजारी मी बसेन, आणि आयुष्यभर तुम्ही तिला जे सांगितलं नाहीत ते सगळं, घाटकोपरपासून वांद्र्यापर्यंत, तिला जाताना पुन्हा सांगत जाईन.

तुमची,
सुजी